पश्चात्ताप आणि परतफेड

मराठीतील 'पश्चात्ताप' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. 'पश्चात्' म्हणजे नंतर आणि 'ताप' म्हणजे पोळणे. कृत्य हातून घडून गेल्यावर मागाहून मनाला जी आग लागते, ती या शब्दाने नेमकी पकडली आहे. संतवाङ्मयात हीच भावना 'अनुताप' या नावाने येते, आणि अनुतापावाचून परमार्थाची वाट सुरू होत नाही ही गोष्ट वारकऱ्याच्या घरातील लहान मुलालाही ऐकून ठाऊक असते. ख्रिस्ती धर्मविचार मराठीत येऊन आता चार शतके होऊन गेली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ साली छापले गेले. पुढे बायबलची मराठी भाषांतरे झाली, तेव्हा भाषांतरकारांनी साहजिकच या परिचित शब्दाचा आश्रय केला.

परंतु ज्या मूळ शब्दांच्या जागी 'पश्चात्ताप' हा शब्द योजिला गेला, त्यांचा रोख थोडा निराळा आहे. जुन्या करारातील 'शूब' या हिब्रू क्रियापदाचा साधा अर्थ माघारी वळणे असा आहे. चुकीच्या रस्त्याला लागलेल्या वाटसरूला आपली चूक उमगते आणि तो पाठ फिरवून परत चालू लागतो. ही क्रिया म्हणजे 'शूब'. नव्या करारातील 'मेतानोइया' या ग्रीक शब्दाचा अर्थ मनाचा पालट, विचार करण्याची रीतच बदलणे असा होतो. म्हणजे मराठी शब्दात आग आहे, हिब्रू शब्दात पाऊल आहे आणि ग्रीक शब्दात दृष्टी आहे. तिन्ही एकत्र आली म्हणजे ख्रिस्ती शिकवणीला अभिप्रेत असलेला पश्चात्ताप पुरा होतो.

हा भेद कोशकारांपुरता नाही. रोजच्या जगण्यात माणसाची फसगत नेमकी येथेच होते. हातून अन्याय घडला, रात्री झोप आली नाही, देवापुढे उभे राहिल्यावर डोळे भरून आले. एवढे झाले की आपला पश्चात्ताप झाला अशी त्याची समजूत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच खोटे माप, तोच सरकवलेला बांध, तीच अडवून ठेवलेली मजुरी. मन जळले खरे, पण पाऊल वळले नाही. मग त्या जळण्याला पश्चात्ताप म्हणावे काय? ख्रिस्ती परंपरेने हा प्रश्न स्वतःला वारंवार विचारला आहे, आणि त्याचे उत्तर भावनेच्या भाषेत न देता बहुधा व्यवहाराच्या भाषेत दिले आहे.

यार्देनकाठचा उपदेश

त्या उत्तराचा पहिला ठळक नमुना लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. बाप्तिस्मा करणारा योहान यार्देन नदीच्या परिसरात लोकांना पश्चात्तापाचा उपदेश करीत होता. हा पुरुष स्वतः रानात राहणारा. उंटाच्या केसांचे वस्त्र नेसून टोळ आणि रानमध यांवर निर्वाह करणारा. त्याचा शब्द चाबकासारखा होता. आपण अब्राहामाचे वंशज आहोत या कुळाच्या अभिमानावर कोणी विसंबू नये, झाडाची परीक्षा फळावरून होते, असे त्याने लोकांना बजावले. ते ऐकून लोक घाबरले आणि आपण नेमके काय करावे असे त्याला विचारू लागले.

येथे कोणाचीही अपेक्षा अशी असेल की, असा विरक्त पुरुष लोकांना घरदार सोडावयास सांगेल, उपास आणि अंगारा-राख सांगेल. योहानाने तसे काहीच सांगितले नाही. सामान्य लोकांना त्याने सांगितले की, ज्याच्यापाशी दोन अंगरखे असतील त्याने एक, ज्याला मुळीच नाही त्याला द्यावा. अन्नाचेही तसेच करावे. जकातदार आले, त्यांना त्याने ठरल्यापेक्षा अधिक वसूल न करण्यास सांगितले. शिपाई आले, त्यांना सांगितले की, दांडगाईने किंवा खोटा आळ घालून कोणाचे काही उकळू नये आणि आपल्या पगारात समाधान मानावे.

या तीन उत्तरांतील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. प्रश्न एकच होता, पण उत्तर ज्याच्या-त्याच्या धंद्याप्रमाणे वेगळे मिळाले. जकातदाराचे पाप वसुलीच्या वहीत होते, म्हणून त्याचा पश्चात्तापही त्याच वहीत दिसावयाचा होता. शिपायाचे पाप त्याच्या हातातील दंडुक्यात होते. त्याने अंगरखा दान केला असता आणि दंडुका तसाच चालू ठेवला असता, तर ते फळ खोटे ठरले असते. माणूस ज्या जागी वाकडा गेला, त्याच जागी त्याने सरळ व्हावे, अशी ही शिकवण आहे. दुसरीकडे कोठे तरी पुण्य जोडून पहिली बाकी मिटत नाही.

जक्कयाने निवडलेला दर

हाच धागा लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील जक्कयाच्या कथेत पुढे जातो. यरीहो हे यार्देनच्या खोऱ्यातील खजुरीच्या बनांचे संपन्न नगर. व्यापाऱ्यांच्या मालाची तेथून ये-जा होत असे आणि त्यावर जकात बसे. त्या काळी जकातीचा मक्ता देण्याची पद्धत होती. मक्तेदाराने ठरलेली रक्कम वर भरावयाची आणि लोकांकडून वसूल करावयाची; मधला फरक त्याचा. अशा व्यवस्थेत अन्याय न होता तरच नवल. जक्कय हा तेथील जकातदारांचा मुख्य, श्रीमंत, आणि लोकांच्या दृष्टीने परक्या सत्तेचा हस्तक व पापी. अंगाने ठेंगणा असल्यामुळे गर्दीतून येशू दिसेना, म्हणून तो उंबराच्या जातीच्या एका झाडावर चढून बसला. येशूने त्याला नावाने हाक मारली आणि त्याच्याच घरी उतरण्याचा मनोदय सांगितला. लोक कुरकुरले.

जक्कयाने पुढे केलेली प्रतिज्ञा दोन भागांची आहे. आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे त्याने जाहीर केले, आणि ज्याला आपण नाडले असेल त्याला चौपट परत करण्याचे कबूल केले. यातील 'चौपट' हा आकडा उगाच आलेला नाही. मोशेच्या नियमशास्त्रात परतफेडीचे निरनिराळे दर होते. लेवीय ग्रंथाच्या सहाव्या अध्यायाप्रमाणे, ज्याने फसवणुकीने किंवा जुलमाने दुसऱ्याचे घेतले असेल, त्याने मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावयाचा. गणना ग्रंथात पाप कबूल करून पाचव्या हिश्शासह परतफेड करण्याचा नियम आहे. याउलट निर्गम ग्रंथात, चोरलेले मेंढरू कापले किंवा विकले असेल, तर चोराने एकाबद्दल चार मेंढरे द्यावीत असा दंड आहे. जक्कयाला शंभराला एकशेवीस देऊन मोकळे होता आले असते. त्याने चोराला लागू पडणारा दर स्वतःला लावून घेतला. आजवर ज्याला तो जकातीचा नफा म्हणत आला, त्याला त्याने स्वतःच चोरी हे नाव दिले. मनाचा पालट म्हणतात तो हाच. जुन्या वस्तूला तिचे खरे नाव देता येणे.

या कथेतील घटनांचा क्रमही महत्त्वाचा आहे. जक्कयाने आधी पैसे परत केले आणि मग येशू त्याच्या घरी गेला, असे घडलेले नाही. हाक आधी आली, परतफेड नंतर आली. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे क्षमा ही विकत घेण्याची वस्तू नाही, ती कृपा आहे. परंतु कृपा घरात शिरली की घरात लपविलेला दुसऱ्याचा माल तेथे सुखाने राहू शकत नाही. परतफेड ही क्षमेची किंमत नसून क्षमा मिळाल्याची खूण आहे. हे दोन्ही भाग एकत्र धरले नाहीत तर दोन चुका संभवतात. पहिली, पैसे टाकून देवाशी हिशेब मिटविल्याचा अहंकार; आणि दुसरी, देवाने क्षमा केली आहे या सबबीवर शेजाऱ्याचे देणे बुडविण्याची सोय.

दोन शिष्य, दोन वाटा

नुसती मनाची आग पुरेशी नसते, एवढेच नव्हे तर ती माणसाला जाळूनही टाकते, याचे उदाहरण शुभवर्तमानांत शेजारी शेजारी ठेवलेले आहे. एकाच रात्री दोन शिष्य चुकले. यहूदा इस्कर्योताने गुरूला धरून दिले; पेत्राने तीन वेळा गुरूची ओळखही नाकारली. दोघांनाही मागाहून तीव्र दुःख झाले. यहूदाने तर चांदीची तीस नाणी परतही नेली आणि आपण निर्दोष माणसाचा घात केला हे कबूल केले. मत्तयाने यहूदाच्या या खेदासाठी 'मेतानोइया' या शब्दाच्या कुळातील क्रियापद वापरलेले नाही; मागाहून वाटणारी हळहळ दाखविणारे दुसरे ग्रीक क्रियापद वापरले आहे. यहूदा ज्यांच्याकडे गेला त्या याजकांनी त्याला झिडकारले, आणि तो एकटाच अंधारात निघून गेला. त्याचा शेवट आत्मनाशात झाला.

पेत्रही रडला, पण तो इतर शिष्यांत राहिला. योहानकृत शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात सरोवराच्या काठी पुनरुत्थित येशू त्याला भेटतो आणि त्याच्या प्रेमाविषयी तीन वेळा विचारतो. जितक्या वेळा नकार, तितक्या वेळा विचारणा. पेत्राला त्याचे वाईट वाटते. पण प्रत्येक उत्तरानंतर त्याच्यावर एक काम सोपविले जाते, ते म्हणजे गुरूच्या मेंढरांची काळजी घेण्याचे. अपराधाची आठवण पुसून टाकली गेली नाही, ती कामाला जुंपली गेली. दुःखाचे दोन प्रकार असतात, एक जीवनाकडे नेणारे आणि एक मरणाकडे नेणारे, असे पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात समजावले आहे. त्या दोहोंतील अंतर या दोन शिष्यांकडे पाहिले म्हणजे कळते. स्वतःभोवतीच फिरत राहणारे दुःख माणसाला गिळते. दुसऱ्याच्या सेवेकडे वळलेले दुःख शिष्यत्व होते.

चाळीस वर्षांचा पालट

पश्चात्ताप हा एका क्षणाचा चमत्कार आहे, अशी एक गोड समजूत सर्वत्र आढळते. तिला छेद देणारे एक चरित्र इंग्लंडच्या इतिहासात आहे. 'अमेझिंग ग्रेस' या जगप्रसिद्ध भजनाचा कर्ता जॉन न्यूटन याचा जन्म १७२५ साली लंडनमध्ये झाला. लहानपणीच आई गेली. पुढे तो खलाशी झाला, आरमारात जबरीने भरती केला गेला, पळून जाताना पकडला जाऊन त्याने फटके खाल्ले, आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गुलामांच्या व्यापाऱ्याच्या पदरी त्याने हालअपेष्टाही सोसल्या. मार्च १७४८ मध्ये 'ग्रेहाउंड' या जहाजावरून मायदेशी परतत असता ॲटलांटिक महासागरात भयंकर वादळ झाले. फुटक्या जहाजातील पाणी उपसता उपसता त्याच्या तोंडून देवाचे नाव निघाले. तो दिवस त्याने जन्मभर कृतज्ञतेने स्मरणात ठेवला.

लोकांत सांगितली जाणारी गोष्ट येथे संपते: वादळ झाले, पापी सुधारला, त्याने गुलामांचा व्यापार सोडला. वस्तुस्थिती तशी नाही. त्या वादळानंतर न्यूटन गुलामांच्या जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून गेला, आणि १७५० ते १७५४ या काळात कप्तान म्हणून त्याने गुलामांच्या व्यापाराच्या तीन सफरी केल्या. या सफरींत तो रविवारी खलाशांना जमवून नियमाने प्रार्थना चालवीत असे. वर प्रार्थना आणि खाली, जहाजाच्या पोटात, साखळदंडांनी जखडलेली माणसे! त्याला त्यात विसंगती दिसली नाही, कारण भोवतालच्या समाजालाही ती दिसत नव्हती. हा धंदा प्रतिष्ठित होता. १७५४ साली त्याने समुद्र सोडला, तोही प्रकृती एकाएकी बिघडली म्हणून; सदसद्विवेकाच्या टोचणीने नव्हे.

१७६४ साली तो धर्मोपदेशक झाला आणि ओल्नी या गावी सेवा करू लागला. १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी त्याने आपले ते प्रसिद्ध भजन रचले. तरीही गुलामांच्या व्यापाराविषयी त्याने जाहीर शब्द काढलेला नव्हता. तो शब्द निघाला १७८८ साली, वादळानंतर चाळीस वर्षांनी. आफ्रिकेतील गुलामांच्या व्यापाराविषयी त्याने एक पुस्तिका प्रसिद्ध केली आणि तीत आपण स्वतः या धंद्याचे चालक होतो हे मान्य केले. आपली कबुली फार उशिरा येत आहे, झालेली हानी तिने भरून येणार नाही, हेही त्याने लपविले नाही. जहाजांत माणसे कशी कोंबली जात, कशी मरत, त्यांना कोणत्या शिक्षा होत, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेल्याच्या अधिकाराने लिहिले. प्रिव्ही कौन्सिलपुढे आणि पुढे पार्लमेंटच्या समितीपुढे त्याने साक्ष दिली. पुष्कळ जण ऐकीव सांगू शकत होते. न्यूटन स्वतःच्या हातांविषयी सांगत होता.

न्यूटनच्या हिशेबात परतफेड शक्य नव्हती. ज्यांना त्याने विकले, ती माणसे समुद्रापलीकडच्या मळ्यांत गडप झाली होती. चौपट तर सोडाच, एकपटही कोणाला देणार? जेथे वस्तू परत करता येत नाही, तेथे निदान सत्य तरी परत करावे, हा मार्ग त्याने अखेरीस धरला. आपली अब्रू खर्ची घालून त्याने सत्य सांगितले, आणि जो व्यापार त्याने चालविला होता तो बंद पाडण्याच्या कामी ते उपयोगी पडले. ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा मार्च १८०७ मध्ये केला. न्यूटन त्याच वर्षी डिसेंबरात वारला. वसाहतींतील प्रत्यक्ष गुलामगिरी रद्द करणाऱ्या कायद्याला मात्र १८३३ साल उजाडावे लागले.

या चरित्रातील आणखी एक प्रसंग योहानाच्या उपदेशाशी जुळणारा आहे. डिसेंबर १७८५ मध्ये विल्यम विल्बरफोर्स हा पार्लमेंटचा तरुण सभासद न्यूटनकडे सल्ल्यासाठी आला. धर्मजागृती झाल्यामुळे राजकारण सोडावे की काय, अशा विचारात तो होता. न्यूटनने त्याला आहे त्याच जागी राहून देवाची सेवा करण्याचा सल्ला दिला. गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा लढा पुढे विल्बरफोर्सने त्याच सभागृहात वीस वर्षे चालविला. शिष्यत्वासाठी बहुधा जागा बदलावी लागत नाही. त्या जागेवरचे वागणे बदलावे लागते.

विधी आणि वागणूक

चर्चच्या इतिहासातही हीच ओढाताण दिसते. कॅथलिक परंपरेत पापनिवेदनाचा संस्कार आहे. गोव्यात त्याला कोकणीत 'कुमसार' म्हणतात. त्यात पश्चात्तापी माणसाकडून तीन गोष्टी अपेक्षिल्या जातात: अंतःकरणाचे दुःख, तोंडाने कबुली आणि कृतीने भरपाई. चोरलेली वस्तू परत करणे शक्य असताना ती न करणाऱ्याचा पश्चात्ताप हा देखावा ठरतो, हा विचार पाचव्या शतकातील संत ऑगस्टीनने मांडला आणि तो पुढे चर्चच्या नीतिशास्त्रात रूढ झाला. विधीच्या मागचा हा व्यवहार विसरला गेला की विधी पोकळ होतो. १५१७ साली मार्टिन लूथरने पापदंडमाफीच्या पत्रांविरुद्ध पंचाण्णव सिद्धान्त मांडले. त्यांपैकी पहिल्याचा आशय असा की, ख्रिस्ताने सांगितलेला पश्चात्ताप हा भाविकाच्या सबंध आयुष्याला व्यापणारा आहे. पत्र विकत घेऊन तो उरकता येत नाही.

लूथरच्याच देशात आणि त्याच्याच पंथात चार शतकांनी दीट्रिख बॉनहोफर या तरुण धर्मपंडिताने १९३७ साली शिष्यत्वावर एक ग्रंथ लिहिला. काळ हिटलरच्या अमलाचा होता, आणि पुष्कळसे ख्रिस्ती लोक निमूटपणे त्या सत्तेशी जुळवून घेत होते. क्षमेचे आश्वासन सहज वाटावयाचे, पण पश्चात्ताप, शिस्त आणि अनुसरण यांचे नाव काढावयाचे नाही, अशा धर्माला बॉनहोफरने 'स्वस्त कृपा' म्हटले. खरी कृपा फुकट मिळते, पण स्वस्त नसते. ती माणसाचे सारे आयुष्य मागते, असे त्याचे प्रतिपादन होते. एप्रिल १९४५ मध्ये नाझी राजवटीने त्याला फाशी दिले. आपल्या विचाराची किंमत त्याने स्वतः मोजली.

स्वयंपाकघरातील निर्णय

शिष्यत्वाचा विचार निघाला की फाशी, वादळ, पार्लमेंट अशी मोठी चित्रे डोळ्यांपुढे येतात, आणि साध्या संसारी माणसाला वाटते की हे आपल्यासाठी नव्हे. अशा वेळी मराठीतील एका पुस्तकाची आठवण उपयोगी पडते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर तो वज्राघात होता. काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे त्या पतीजवळ राहावयास आल्या, तरी त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. ज्या घरात त्या वाढल्या तेथे वडिलांच्या सोवळ्याने सर्वांचा जीव मेटाकुटीस आलेला होता. त्याचे चित्र १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आरंभीच येते.

त्याच पुस्तकात त्यांनी आपल्या मनाच्या एका पालटाची हकीकत सांगितली आहे. जात देवाने केली की माणसाने, असा प्रश्न त्यांना पडला, आणि विचार करता करता त्यांची खात्री झाली की हा भेद माणसाने केलेला आहे. खात्री होताच त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. त्यांचा बाप्तिस्मा पुढे १९०० साली झाला. या घटनेत अश्रूंचे वर्णन नाही, वादळ नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीला तिचे खरे नाव दिले गेले आणि पाण्याचा पेला पुढे आला. ज्या जागी भेद पाळला जात होता, त्याच जागी, म्हणजे स्वयंपाकघरात, तो सुटला.

या गोष्टीची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. भारतात अनेक ठिकाणी धर्म बदलला, तरी जात चर्चच्या दारातून आत आली. गोव्यातील चर्चांशी निगडित असलेल्या कित्येक धर्मबंधुसंघांत जातींची कुंपणे दीर्घकाळ टिकून राहिली. नाव बदलले, वेदी बदलली, पण पंगत बदलली नाही. न्यूटनच्या जहाजावरील रविवारच्या प्रार्थनेसारखाच हा प्रकार आहे. ज्या पापाला सारा समाज प्रतिष्ठा देतो, त्याचा पश्चात्ताप सर्वांत अवघड असतो. कारण ते पाप आहे हेच मुळी दिसत नाही.

रोजच्या वाटेवर

या सर्व उदाहरणांतून खऱ्या पश्चात्तापाची काही लक्षणे निघतात. तो आपल्या अपराधाला नाव देतो. 'माणूस आहे, चुका होतात' अशा मोघम वाक्याआड दडत नाही. तो परिस्थितीचा, वरिष्ठांचा, काळाचा दाखला देत बसत नाही. जे परत करता येते ते तो परत करतो. ज्याचे घेतले तो हयात नसेल तर त्याच्या वारसांकडे जातो, आणि गणना ग्रंथातही नेमकी तशी तरतूद आहे. जे परत करता येत नाही, त्याचे सत्य तो सांगतो. आणि ज्याला दुखावले, त्याच्याकडून तो क्षमेची मागणी हक्काने करीत नाही. क्षमा करणे हे दुखावलेल्याच्या हाती असते. त्याला त्यासाठी वेळ लागला तर तो देणे हाही पश्चात्तापाचाच भाग आहे.

उपासनेसाठी वेदीपाशी आलेल्या माणसाला आपल्यावर भावाचा काही रोष आहे असे आठवले, तर त्याने अर्पण तेथेच ठेवून आधी भावाकडे जावे, मग येऊन अर्पण करावे, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात शिकविले. धार्मिक माणसाच्या सवयीला हा मोठा धक्का आहे. कारण देवाकडे जाणे सोपे असते. तो उलट बोलत नाही. भावाचे दार ठोठावणे कठीण असते. ते बंदही राहील, किंवा उघडून चार कडू शब्द ऐकवील. पण येशूने सांगितलेली वाट त्या दारावरूनच वेदीकडे जाते.

आपल्यामागे येणाऱ्याने आपला वधस्तंभ उचलावा, हे येशूचे बोलणे मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही नोंदविले आहे. लूकने त्यात 'दररोज' असा एक शब्द अधिक दिला आहे. एखाद्या दिवशी हुतात्मा होण्याची तयारी पुष्कळांची असते; दररोज तराजूचा काटा सरळ ठेवण्याची तयारी थोड्यांची. दुकानदार ठेव म्हणून ठेवलेली रक्कम आठवून परत देतो, कारकून अडवलेली फाईल काही न मागता पुढे सरकवतो, सासू सुनेला बोललेला शब्द चारचौघांत मागे घेते, शेतकरी पहाटे उठून सरकवलेला दगड पुन्हा जुन्या जागी रोवतो. या गोष्टींची वार्ता कोठे छापून येत नाही. पण यार्देनच्या काठी योहानाने ज्या फळांची मागणी केली होती, ती हीच. तो दगड जागेवर आला की शेजाऱ्याला आपली वावभर जमीन परत मिळते, आणि तो रोवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बांधावरून जाताना शेजाऱ्याच्या डोळ्याला डोळा देता येतो.